आधुनिक चिनी चहासंस्कृतीतील परंपरा आणि अस्मिता : एक चिकित्सक विवेचन

बीजसंज्ञा : परंपरा, अस्मिता, चहाकला, चहाघर, सांस्कृतिक वारसा, लाओ श

प्रस्तावना

चहा हे पेय चीनने जगाला दिले, याविषयी दुमत नाही. मराठीतील 'चहा' हा शब्ददेखील मूळ चिनी 'चा' या शब्दाशीच नाते सांगतो. एखाद्या देशाची ओळख एका पेयाशी इतक्या घट्टपणे जोडली गेल्याची उदाहरणे फारशी आढळत नाहीत. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी मोरोक्कोतील राबात येथे भरलेल्या युनेस्कोच्या समितीने चीनमधील चहा तयार करण्याच्या पारंपरिक पद्धती व त्यांच्याशी निगडित सामाजिक प्रथा यांचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. या एकाच नोंदीत १५ प्रांत-प्रदेशांतील ४४ प्रथा अंतर्भूत आहेत. चहाची एक अखंड, प्राचीन आणि राष्ट्रीय परंपरा अस्तित्वात आहे, या धारणेला त्यामुळे आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली.

तथापि, आज 'चिनी चहापरंपरा' म्हणून जी पर्यटकाला दाखवली जाते, अभ्यासक्रमांत शिकवली जाते व बाजारात विकली जाते, तिचे स्वरूप तपासले असता काही प्रश्न उपस्थित होतात. ही परंपरा नेमकी किती जुनी आहे? ती कोणत्या प्रदेशाची व कोणत्या वर्गाची आहे? आणि तिची जुळणी होत असताना काय वगळले गेले? एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे 'परंपरेची निर्मिती' ही संकल्पना ज्ञानशाखांत रूढ झाली. या संकल्पनेच्या आधारे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र विसाव्या शतकातील चिनी साहित्यात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांनी विचार केला आहे.

१. अखंडतेचा दावा आणि इतिहासातील खंड

चहाविषयीचा आद्य ग्रंथ म्हणून लू यू (७३३-८०४) यांच्या 'चा चिंग' या ग्रंथाचा उल्लेख केला जातो. आजच्या चहागृहांत लू यू यांना जवळजवळ देवत्व दिले जाते. परंतु त्यांनी वर्णन केलेला चहा आजचा चिनी माणूस पीत नाही. त्या काळी पाने वाफवून, कुटून त्यांच्या ढेपा करीत. ढेप शेकून तिची पूड केली जाई आणि ती उकळत्या पाण्यात टाकून त्यात थोडे मीठ घातले जाई. सामान्य लोक याच चहात कांद्याची पात, आले, बोरे, संत्र्याची साल व पुदिना असे जिन्नस घालून तो उकळत. लू यू यांनी अशा चहाची संभावना गटारातील पाणी अशी केली आहे. म्हणजेच चहाच्या शुद्धतेचा हा पहिला आग्रह लोकांत रूढ असलेल्या चहाच्या विरोधात उभा होता. ज्याला परंपरेचा आरंभ मानले जाते, तोच मुळात तत्कालीन परंपरेवरील एक टीका होती, ही बाब लक्षणीय आहे.

सोंग काळात पद्धत बदलली. चहाची बारीक पूड वाडग्यात घेऊन, वर गरम पाणी ओतून बांबूच्या रवीने ती फेसाळेपर्यंत घुसळली जाई. सम्राट ह्वीझोंग याने बाराव्या शतकाच्या प्रारंभी या चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे मिंग घराण्याचा संस्थापक हाँगवू याने १३९१ मध्ये दरबारी नजराण्यातील ढेपांची प्रथा बंद करून सुट्या पानांचा चहा स्वीकारला. त्यानंतर पाने गरम पाण्यात भिजवून पिण्याची रीत सर्वत्र रुळली आणि घुसळलेला चहा चीनमधून जवळपास नाहीसा झाला. बौद्ध भिक्षूंबरोबर जपानमध्ये गेलेली हीच रीत तेथे मात्र टिकली व चहाविधीच्या रूपाने विकसित झाली.

या खंडाचा वैचारिक परिणाम दूरगामी ठरला. जपानी कलाचिंतक ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या 'द बुक ऑफ टी' या ग्रंथात असा निष्कर्ष मांडला की, उत्तरकालीन चिनी माणसासाठी चहा हे एक रुचकर पेय उरले आहे, त्यामागचा आदर्श लोपला आहे. चहाचे तत्त्वज्ञान चीनने गमावले व जपानने जपले, ही समजूत या ग्रंथाने पाश्चात्त्य जगात रुजवली. आधुनिक चिनी चहासंस्कृतीची घडण समजून घेताना हे आव्हान सतत ध्यानात ठेवावे लागते. कारण पुढील काळातील अनेक घडामोडी या आव्हानाला दिलेली उत्तरे होत.

२. प्रादेशिक सवयीपासून राष्ट्रीय विधीपर्यंत

आज चिनी चहाविधी म्हटले की 'गोंगफू चा' डोळ्यांसमोर येतो : लहानशी मातीची चहादाणी, अंगठ्याएवढे पेले, भरपूर पाने आणि थोड्या पाण्याच्या अनेक फेऱ्या. 'गोंगफू' या शब्दात कौशल्य व त्यासाठी दिलेला वेळ हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. ही पद्धत जुनी आहे, यात शंका नाही. कवी युआन मेई यांनी १७८६ मध्ये वूयी पर्वतावर अक्रोडाएवढ्या पेल्यांतून चहा प्यायल्याचे नमूद केले आहे. परंतु ती साऱ्या चीनची पद्धत कधीच नव्हती. दक्षिण फुजियान आणि ग्वांगदोंग प्रांताचा चाओझोऊ परिसर एवढीच तिची मर्यादा होती. बीजिंगचा रहिवासी मोगऱ्याच्या वासाचा चहा पिई, सिचुआनमध्ये झाकणाच्या वाटीतून चहा घेतला जाई, तर हांगझोऊमध्ये पेल्यातच हिरवी पाने भिजवत.

या प्रादेशिक सवयीला राष्ट्रीय रूप मिळाले ते तैवानमध्ये. मुख्यभूमीवर सांस्कृतिक क्रांती सुरू असताना तैवानच्या सरकारने चिनी संस्कृतीच्या पुनरुत्थानाची चळवळ हाती घेतली होती. अस्सल चिनी वारसा आपल्याकडे सुरक्षित आहे, हा तिचा दावा होता. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातील स्थान गेल्यावर तैवानला या दाव्याची अधिकच निकड भासू लागली. त्याच दशकात चहाची निर्यात घटू लागल्याने देशांतर्गत ग्राहक निर्माण करणे उत्पादकांनाही आवश्यक झाले. या दोन गरजांच्या संगमातून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'चा यी' अर्थात 'चहाकला' ही संज्ञा पुढे आली. 'चा दाओ' म्हणजे 'चहामार्ग' हा शब्द मूळ चिनी असूनही तो टाळण्यात आला, कारण तो ऐकताच जपानी चहाविधी आठवेल अशी भीती होती. आपल्याच भाषेतील शब्द दुसऱ्याचा वाटू लागावा, यातूनच अस्मितेच्या पेचाची कल्पना येते.

या नव्या कलेने विधीत दोन उपकरणांची भर घातली. चहा सर्वांना सारख्या चवीचा मिळावा म्हणून सर्व पाणी आधी ज्यात ओतून घेतात तो 'न्यायाचा पेला' हे एक, आणि केवळ वास घेण्यासाठीचा उंच, निमुळता पेला हे दुसरे. चाओझोऊच्या मूळ रीतीत ही दोन्ही नाहीत. तेथे चहादाणी पेल्यांवरून गोल फिरवीत चहा ओततात आणि शेवटचे थेंब एकेका पेल्यात टिपतात. या दोन क्रियांना अनुक्रमे 'ग्वान गोंगची नगरप्रदक्षिणा' व 'हान शिनची सैन्यगणना' अशी लोकप्रचलित नावे आहेत. हाताच्या कौशल्याने साधणारी समानता न्यायाच्या पेल्याने यंत्रवत केली आणि त्या नावांमागची गंमतही अनावश्यक ठरवली. इतिहासकार लॉरेन्स झांग यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या चहाकलेच्या घडणीतील जपानी प्रभावाचे विस्मृत दुवे पुढे आणले आहेत. जपानपासून वेगळे दिसण्यासाठी उभारलेली कला जपानच्याच विधिनिष्ठेतून प्रेरणा घेत होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

३. मुख्यभूमीवरील पुनरुज्जीवन

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात मुख्यभूमीवरील असंख्य चहाघरे बंद पडली होती. त्यामुळे १९८० नंतर चहासंस्कृतीची जी उभारणी झाली, तिला तैवानकडून परतलेल्या चहाकलेचा आधार घ्यावा लागला. १९८७ मध्ये फामेन मंदिराच्या तळघरात तांगकालीन राजघराण्याची सोन्याचांदीची चहाची उपकरणे सापडली आणि प्राचीनतेच्या दाव्याला भक्कम पुरावा मिळाला. १९९१ मध्ये हांगझोऊ येथे राष्ट्रीय चहा संग्रहालय सुरू झाले. १९९९ मध्ये शासनाच्या व्यवसायसूचीत 'चहाकला-तज्ज्ञ' या व्यवसायाचा समावेश झाला आणि जी गोष्ट घरात वडीलधाऱ्यांकडे पाहून शिकली जाई, तिच्यासाठी परीक्षा व प्रमाणपत्र यांची व्यवस्था निर्माण झाली. २००८ मध्ये चाओझोऊची गोंगफू पद्धत राष्ट्रीय वारसायादीत दाखल झाली. साहित्यक्षेत्रही यास अपवाद राहिले नाही. हांगझोऊच्या एका चहाव्यापारी घराण्याची कथा सांगणाऱ्या वांग शूफंग यांच्या कादंबरीत्रयीच्या पहिल्या दोन खंडांना २००० साली माओ दुन साहित्य पुरस्कार प्राप्त झाला. चहा व राष्ट्र यांचे भाग्य एकत्र गुंफणारी ही कृती पुनरुज्जीवनाच्या काळाची प्रातिनिधिक निर्मिती होय.

युन्नानच्या पु-एर चहाचे उदाहरण याहून बोलके आहे. जितका जुना तितका मौल्यवान, ही त्याची ख्याती. मात्र ओल्या पानांचा ढीग रचून तो वेगाने मुरवण्याची जी पद्धत आज सर्वत्र परिचित आहे, ती १९७३ मध्ये कुनमिंग येथील कारखान्यात विकसित झाली. दीर्घकाळ साठवलेल्या चहाच्या चवीची हाँगकाँगकडील मागणी भागवण्यासाठी हा उपाय योजला गेला. २००५ मध्ये जुन्या व्यापारी तांड्यांची आठवण म्हणून चहा लादलेल्या जनावरांचा तांडा युन्नानहून बीजिंगपर्यंत नेण्यात आला. २००७ च्या प्रारंभी सिमाओ शहराचे नावच 'पु-एर' असे बदलले आणि त्याच वर्षी सट्टेबाजीने फुगलेला पु-एरचा भाव कोसळला. प्राचीनत्व, नामांतर आणि बाजारभाव हे तिन्ही एकाच वर्षात एकत्र आले, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

याच युन्नानमधील जिंगमाई पर्वतावरील प्राचीन चहावनांना सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ही वने राखणारे ब्लांग व दाई समाज हान चिनी नाहीत आणि त्यांच्या मूळ भाषाही चिनी नाहीत. गुरे दिली तर ती मरतील, सोने दिले तर ते संपेल, म्हणून पूर्वज पा आइलेंगने वंशजांसाठी चहाची झाडे मागे ठेवली, अशी ब्लांग समाजात कथा आहे. या कथेतील चहा म्हणजे वंशाला दिलेली उपजीविका होय. राष्ट्रीय वारशाच्या चौकटीत आल्यावर त्या कथेचा मान वाढतो, हे खरे. त्याच वेळी 'चिनी' या एकाच विशेषणाखाली तिचे स्वतंत्रपण पुसट होते, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

४. साहित्याची साक्ष : काय वगळले गेले?

परंपरा निवडून घडवली जाते एवढे दाखवून चिकित्सा थांबली, तर ती अपुरी राहील. लू यू यांच्यापासून प्रत्येक पिढीने चहा बदलला आहे. बदलणे हा दोष नव्हे. निवड करताना कोणाला बाहेर ठेवले, हा खरा प्रश्न आहे आणि येथे साहित्य उपयोगी पडते.

झोऊ झुओरेन यांनी १९२४ मध्ये आणि त्यांचे थोरले बंधू लू शुन यांनी १९३३ मध्ये चहापानावर निबंध लिहिले. झोऊ यांच्या निबंधात कौलारू घर, कागदी खिडकी, झऱ्याचे पाणी, हिरवा चहा व दोन-तीन मित्र आहेत. अपूर्ण जगात अर्धा दिवस तरी सुसंवाद अनुभवावा, ही त्यांची भूमिका. विशेष म्हणजे या निबंधातही आरंभीच जपानी चहाविधीचा संदर्भ येतो. लू शुन यांचा निबंध याच रसिकतेकडे उपरोधाने पाहतो. चांगला चहा मिळणे आणि त्याची चव कळणे हे सुख खरे, पण त्यासाठी सवड हवी आणि तरबेज झालेली जाणीव हवी, असे ते म्हणतात. घसा कोरडा पडलेल्या कष्टकऱ्याला उत्तम लोंगजिंग दिला, तरी त्याला तो गरम पाण्यापेक्षा फारसा वेगळा वाटणार नाही, हे त्यांचे निरीक्षण चहाच्या सौंदर्यशास्त्रामागील वर्गवास्तव उघडे करते. एकाच घरातील या दोन निबंधांपैकी आजच्या चहाकलेने पहिला वारसा स्वीकारला व दुसरा बाजूला ठेवला.

लाओ श यांचे १९५७ मधील 'चहाघर' हे नाटक या संदर्भात मध्यवर्ती ठरते. तीन अंकांच्या या नाटकात बीजिंगमधील युताई चहाघराची सुमारे पन्नास वर्षे उलगडतात : १८९८ च्या फसलेल्या सुधारणांनंतरचा काळ, युद्धखोर सरदारांचा काळ आणि १९४५ च्या विजयानंतरची क्वोमिंतांग राजवट. या चहाघरात पक्षी पाळणारे शौकीन येतात, भांडणे मिटवणारे मध्यस्थ येतात, हेर येतात, आणि एक दरिद्री शेतकरी आपल्या मुलीला वृद्ध खोजाला विकतो तेही येथेच. चहाच्या प्रतीविषयी नाटकात फारसे काही नाही. चहा हे सर्व थरांतील माणसांना एका छपराखाली बसवण्याचे निमित्त आहे.

त्या छपराखाली भिंतीवर 'राज्यकारभाराविषयी बोलू नये' अशा चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. साम्राज्याचे काही खरे नाही, असे उद्गार काढणाऱ्या चांग यांना पहिल्याच अंकात हेर पकडून नेतात. पुढील अंकांत फर्निचर बदलते, भोजन बंद होते, अर्ध्या जागेत भाडेकरू येतात. त्या चिठ्ठ्या मात्र कायम राहतात, इतकेच नव्हे तर त्यांची अक्षरे मोठी होत जातात. तिसऱ्या अंकात त्यांच्या जोडीला चहाचे पैसे आगाऊ देण्याची सूचना येते. काळाशी जुळवून घेण्यात आयुष्य वेचलेला मालक वांग लीफा अखेर गळफास घेतो. परंपरा टिकवण्यासाठी तो सतत सुधारणा करत राहिला, तरी चहाघर वाचले नाही. कारण ज्या बोलण्यावर चहाघर उभे होते, तेच बंद झाले होते. ऑगस्ट १९६६ मध्ये छळानंतर खुद्द लाओ श यांचा बीजिंगच्या तळ्यात अंत झाला. या घटनेने नाटकाला एक दुःखद पुरवणी जोडली.

इतिहासकार वांग दी यांचे छंगदूविषयीचे संशोधन नाटकातील चित्राला दुजोरा देते. १९०९ मध्ये त्या शहरात ४५४ चहाघरे होती. तेथे चहा पिता पिता पंचांसमोर तंटे मिटवले जात, व्यवहार ठरत आणि बातम्या पसरत. म्हणजेच चहाघर हे नगरजीवनाचे चव्हाट्याचे ठिकाण होते.

या पार्श्वभूमीवर बीजिंगमधील 'लाओ श चहागृहा'चा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९७९ मध्ये यीन शंगशी यांनी बेरोजगार तरुणांना सोबत घेऊन च्यानमन भागात दोन फेनला एक वाडगा या दराने चहा विकण्यास प्रारंभ केला. तो तहानलेल्या वाटसरूचा चहा होता, लू शुन यांच्या कष्टकऱ्याचा चहा होता. याच उपक्रमातून १९८८ मध्ये चहागृह उभे राहिले. ऑपेरातील प्रवेश, जुन्या धाटणीचे फर्निचर व चहाकलेचे प्रयोग यांमुळे ते परदेशी पाहुण्यांना दाखवण्याचे स्थळ बनले. लाओ श यांचे नाव घेतलेल्या या वास्तूत त्यांच्या नाटकातील वातावरण आहे. मात्र नाटकातील वाद-संवादाची जागा रंगमंचावरील कार्यक्रमाने घेतली आहे.

याउलट, तैपेई येथे १९८१ मध्ये सुरू झालेले 'विस्टारिया' चहागृह चहाकलेचे केंद्र असूनही लष्करी कायद्याच्या काळात लोकशाहीवादी कार्यकर्ते व लेखक यांच्या भेटीगाठींचे ठिकाण झाले होते. १९९७ मध्ये त्यास ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. नवनिर्मित परंपरा ही अनिवार्यपणे पोकळच असते, हे गृहीतक या उदाहरणामुळे टिकत नाही. त्या पेल्यांभोवती माणसांना काय बोलता येते, यावर तिचे मोल ठरते.

५. नवे पेय, जुनाच पेच

एकविसाव्या शतकातील तरुण वर्ग दूध, फळे व साय घातलेल्या नव्या चहापेयांकडे वळला आहे. शुद्धतावाद्यांना हा ऱ्हास वाटतो. परंतु लू यू यांनी ज्या मिश्रणाची निंदा केली, त्याच लोकाभिरुचीचे हे आजचे रूप मानता येईल. अस्मितेचा प्रश्नही येथे सुटलेला नाही. 'नायश्यू' या साखळी दुकानांनी आपल्या नावात मिरवलेले जपानी अक्षर २०२२ मध्ये काढून त्या जागी चिनी अक्षर घातले. २०१७ मध्ये युन्नानमध्ये सुरू झालेल्या 'चाजी'ने ऑपेरातील स्त्री-प्रतिमा आपले बोधचिन्ह केले आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदणी केली. २०२२ मधील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेमुळे सोंगकालीन घुसळलेल्या चहाची हौस पुन्हा जागी झाली. जी रवी शतकानुशतके जपानची म्हणून ओळखली गेली, ती आता चिनी अस्मितेचे प्रतीक म्हणून परत येत आहे. ओकाकुरा यांच्या आव्हानाला उत्तर देण्याचे काम शतकानंतरही चालूच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. आधुनिक चिनी चहापरंपरा प्राचीन घटकांपासून बनली असली, तरी तिची आजची जुळणी प्रामुख्याने १९७० नंतरची आहे. तिच्यात चाओझोऊची सवय, तैवानची राजकीय व आर्थिक गरज, जपानशी असलेली न बोललेली स्पर्धा आणि शासनाची मान्यता एकत्र आली आहे. या जुळणीमुळे अनेक लोप पावणारी कौशल्ये वाचली, उत्पादकांना प्रतिष्ठा मिळाली आणि सांस्कृतिक क्रांतीने तोडलेले धागे काही अंशी पुन्हा जोडले गेले. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल.

परंतु या परंपरेने चहातील शांततेची जितकी जोपासना केली, तितकी चहाघरातील बोलण्याची केली नाही. वारसायादीत पाने भाजण्याचे तंत्र नोंदवता येते, पाहुण्याला चहा देण्याची रीतही नोंदवता येते. अनोळखी माणसांनी एका बाकावर बसून निर्भयपणे बोलावे, ही प्रथा मात्र कोणत्याही प्रमाणपत्राने जतन होत नाही. लू शुन यांचा तहानलेला मजूर आणि लाओ श यांचा बोलका चांग यांना ज्या चहासंस्कृतीत बसायला जागा आहे, तीच परंपरेचा पूर्ण वारसा सांगू शकेल. परंपरेचे वय मोजण्यापेक्षा तिच्या बाकावर कोणाकोणाला जागा मिळते हे पाहणे, चिकित्सेच्या दृष्टीने अधिक उचित होय.